गर्भपाताच्या हक्कालाही मत आणि ट्रम्प यांनाही मत, अमेरिकेत हे कसं घडलं?

नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात सुमारे ५८ टक्के मतदारांनी डोनाल्ड ट्रम्प यांना निवडलं. त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर, ५१ टक्क्यांहून जास्त मतदारांनी गर्भपाताचा हक्क राज्यघटनेत घालायला होकार दिला. गंमत म्हणजे हा हक्क देशपातळीवर गेला, तो ट्रम्प यांनी नेमलेल्या तीन न्यायाधीशांमुळे सुप्रीम कोर्टाचं पारडं फिरलं म्हणून.

आज रिपब्लिकन पक्ष गर्भपाताच्या विरोधात आणि डेमोक्रॅटिक पक्ष बाजूने, अशी सरळ विभागणी दिसते. पूर्वी तसं नव्हतं. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात गर्भपाताचे नियम सैल करणाऱ्या कायद्यावर सही केली ती रिपब्लिकन गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी. १९७३ च्या 'रो विरुद्ध वेड' निकालाने गर्भपाताला देशभर घटनात्मक संरक्षण मिळालं. त्यानंतर विरोधक संघटित झाले, कर्मठ ख्रिश्चन मतदार रिपब्लिकन पक्षाकडे वळत गेले आणि १९८० मध्ये तेच रेगन गर्भपातविरोधी उमेदवार म्हणून राष्ट्राध्यक्ष झाले.

२४ जून २०२२ रोजी 'डॉब्स' खटल्यात कोर्टाने 'रो'चा निकाल रद्द केला आणि विषय राज्यांकडे गेला. अनेक राज्यांत जवळपास पूर्ण बंदी आली. पण जिंकलेल्या बाजूला खरी अडचण इथूनच सुरू झाली. सहाच आठवड्यांत कॅन्ससमध्ये हा हक्क काढून घेण्याचा प्रस्ताव मतदारांनी सुमारे ५९ टक्के मतांनी फेटाळला, आणि कॅन्सस हा रिपब्लिकनांचा पक्का गड! २०२३ मध्ये ओहायोनेही हक्काच्या बाजूने कौल दिला.

यामागे एक साधी व्यवस्था आहे. तिथे बऱ्याच राज्यांत एखाद्या प्रश्नावर लोकांचं थेट मत घेता येतं. आपल्याकडे अशी सोय नाही. आपण उमेदवार निवडतो, त्याच्यासोबत त्याच्या सगळ्या भूमिका येतात. अमेरिकन मतदाराला मात्र हक्क वेगळा राखून महागाई, स्थलांतर या मुद्द्यांवर उमेदवार निवडता आला. 'विषय राज्यांवर सोडा' ही ट्रम्प यांची भूमिकाही त्यांच्या पथ्यावर पडली. डेमोक्रॅट्सचं गणित इथेच चुकलं.

अर्थात लोकांचा कौल प्रत्येक वेळी पुरतोच असं नाही. फ्लोरिडात ५७ टक्के मतं मिळूनही प्रस्ताव पडला, कारण तिथे ६० टक्क्यांची अट आहे. आणि मिसुरीच्या विधिमंडळाने २०२५ मध्येच ठरवलं, की हा नवा हक्क रद्द करायचा का, हे मतदारांना नोव्हेंबर २०२६ मध्ये पुन्हा विचारायचं.