ओली काच आणि खानदेशचं ऊन

भुसावळला एका इंग्रजाची कबर आहे. मेजर रॉबर्ट गिल, मृत्यू 1879. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करणारा आणि पारोवर जीव लावणारा माणूस म्हणून आपण त्याला ओळखतो. ना. धों. महानोरांची ‘अजिंठा’ ही दीर्घकविता आणि पुढे 2012 साली आलेला चित्रपट यांनी ती ओळख पक्की केली. त्याच्या कॅमेऱ्याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. लार्ज फॉरमॅट फोटोग्राफी शिकायची, पहिलं सामान कोणतं घेऊ, असं जे तरुण विचारतात त्यांना खरं तर पारोपेक्षा तो कॅमेरा जास्त उपयोगी पडेल.

गिल मद्रास फौजेतला. 1844 साली त्याला अजिंठ्याला पाठवलं ते चित्रकार म्हणून. भिंतीवरच्या चित्रांच्या मोठमोठ्या तैलचित्रांत नकला करायच्या आणि लंडनला धाडायच्या, हे काम त्याने जवळजवळ वीस वर्षं केलं. त्या नकला सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या होत्या आणि डिसेंबर 1866 च्या आगीत त्यांतल्या बहुतेक सगळ्या जळाल्या. पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 पासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन नव्याने नकला केल्या. त्यांतल्याही पुष्कळ 1885 साली साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. एकाच कामावर दोनदा आग.

गिलचे फोटो मात्र राहिले. 1856 च्या सुमारास त्याने कॅमेरा हाती घेतला. 1864 साली लंडनहून दोन पुस्तकं निघाली, मजकूर जेम्स फर्ग्युसन यांचा आणि छायाचित्रं गिलची: एकात 100 स्टिरिओ चित्रं, दुसऱ्यात लेण्यांची 74. एका काचेवरून हव्या तितक्या प्रती निघतात, म्हणून आगीला सगळ्या सापडत नाहीत. तैलचित्र एकच असतं.

मग सरकारने चित्रकाराऐवजी सरळ फोटोग्राफर का नाही नेमला? बाहेरच्या शिल्पासाठी नेमलाच. 1855 साली मुंबई इलाख्यात कॅप्टन बिग्ज यांच्यावर वास्तूंचे फोटो काढण्याचं काम सोपवलं होतं. अडचण भिंतीवरच्या रंगांची होती. त्या काळचा कलोडियनचा लेप निळ्या प्रकाशाला चटकन जागतो, लाल-पिवळ्याला जवळपास आंधळा. अजिंठ्याच्या भिंतीवर गेरू आणि पिवळी माती भरपूर. त्या काचेवर गेरूचा माणूस काळाठिक्कर उमटला असता आणि निळा रंग पांढराफटक. त्यामुळे गिलचा कॅमेरा मुख्यतः खांब, कमानी आणि दर्शनी भाग टिपत राहिला, आणि रंगांसाठी ब्रशच लागला.

आता ही काच खानदेशच्या सीमेवर चालवायची म्हणजे काय, ते बघा. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी 1851 साली जाहीर केलेल्या या पद्धतीत काचेवर कलोडियन ओतायचं, ती अंधारात सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून प्रकाश द्यायचा आणि लगेच धुवायची. लेप सुकला की संपलं. विलायतेत हाताशी दहा-एक मिनिटं मिळत. कलोडियनमध्ये इथर असतं, ते 35 अंशांच्या आसपास उकळतं. इकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर. म्हणजे बाटली उघडली की निम्मं काम हवेनेच करून टाकायचं. काळोखा तंबू, रसायनं, काचांची पेटी आणि धुवायला पाणी, हे सगळं कॅमेऱ्यापासून चार पावलांवर पाहिजे. वाघूर लेण्यांच्या पायथ्याशी वाहते, पण पाणी वर चढवायला माणसं लागतातच. त्यांची नावं पुस्तकांच्या मुखपृष्ठावर येत नाहीत.

या सगळ्या धावपळीत एकच वस्तू जागची हलता कामा नये: स्टँड. शटर नव्हतं. लेन्सवरचं झाकण हाताने काढायचं, मनात आकडे मोजायचे, झाकण परत लावायचं. लेण्यातल्या अंधारात हे मोजणं मिनिटांवर जाई. झाकण काढताना स्टँड जरासा डुलला तरी तंबूतली सारी खटपट वाया. म्हणून माझं मत असं की नवशिक्याने पैसे आधी ट्रायपॉडला द्यावेत, मग लेन्सला. दुकानदार नेमकं उलटं सांगतो.

गिलचा स्टिरिओ कॅमेरा आजच्या अर्थाने लार्ज फॉरमॅट नव्हे. त्याची दोन्ही चित्रं लहानच. मोठी काच वापरण्याचं कारण वेगळं होतं. छायाचित्र मोठं करून छापायची सोय जवळजवळ नव्हती, काच कागदावर ठेवून उन्हात छापायची, म्हणून फोटो जेवढा हवा तेवढी काच. पुढे सुकी जिलेटिनची काच आली आणि तंबू सुटला. पुरातत्त्व खात्याच्या हेन्री कझन्स यांनी दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवर जो ग्रंथ केला, 1931 चा, त्यात धुळे जिल्ह्यातलं साक्री तालुक्यातलं बळसाणेही आहे.

बळसाण्याची देवळं समोर धरूनच सामान ठरवावं. 4 बाय 5 इंचांचा कॅमेरा पुरे. त्यात पुढची लेन्सची पाटी वर सरकायला हवी. कारण देवळाचा माथा घ्यायला कॅमेरा वर तिरपा केला की भिंती आत झुकतात. पाटी वर सरकवली तर कॅमेरा सरळ राहतो आणि खांबही सरळ. लेन्स 150 मिलिमीटरची एकच. होल्डर पाच-सहा, प्रत्येकात दोन फिल्म. काळं कापड, भिंग, लाइट मीटर, केबल, आणि धूळ झटकायला ब्रश. धुळे हे नाव उगाच पडलं असो नसो, फिल्म भरताना धूळ असतेच.

ट्रायपॉड लाकडी मिळाला तर उत्तम. लाकूड कंप गिळतं आणि उन्हात धातूइतकं चटकत नाही. मधला वर-खाली होणारा दांडा नसलेला बरा. तो वर काढला की तीन पायांच्या डोक्यावर एक पाय उभा राहतो. पायांना मातीसाठी लोखंडी टोकं आणि फरशीसाठी रबर, दोन्ही हवीत. गुळगुळीत दगडावर पाय फाकू नयेत म्हणून तिघांना दोरीने बांधावं, हा जुना आणि फुकटचा उपाय आहे. उन्हाळ्यातल्या दुपारच्या वाऱ्यात कॅमेऱ्याचा भाता शिडासारखा फुगतो. स्टँडला पाण्याची कॅन टांगा, किंवा सरळ सकाळी सातच्या आत काम उरका.

संरक्षित स्मारकात ट्रायपॉड लावायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, अजिंठ्यात तर फ्लॅशही चालत नाही. तेव्हा स्टँड विकत घेण्याआधी अर्जाची चौकशी करून ठेवावी.