सॉलोमनी स्तंभ

बरोक कलेतील पीळदार स्तंभ. त्याचा दंड मळसूत्रासारखा वळत वर जातो. रोमन वास्तुशास्त्रकार विट्रुव्हियसने वर्णिलेल्या स्तंभप्रकारांत तो नाही. तरीही बरोक कलावंतांनी प्राचीनतेचा सर्वांत मोठा मान त्यालाच दिला. कारण होती एक आख्यायिका.

सम्राट कॉन्स्टंटाइनने चौथ्या शतकात रोममधील संत पीटरच्या समाधीभोवती काही पीळदार संगमरवरी स्तंभ उभारले. ते जेरुसलेममधील सॉलोमन राजाच्या मंदिरातले, अशी समजूत मध्ययुगात रुजली. प्रत्यक्षात ती रोमन साम्राज्याच्या पूर्व भागातली, बरीच नंतरची घडण होती. त्यांवर पन्हळींचे आणि द्राक्षवेलींचे पट्टे आलटून पालटून येतात. वेलींत नग्न बालके खेळतात. मद्यदेव बॅकसच्या उपासनेतली ही वेल ख्रिस्ती वेदीजवळ निर्वेध टिकली, कारण तिथे द्राक्षरसाला ख्रिस्ताच्या रक्ताचा अर्थ होता.

राफाएलने १५१५–१६च्या सुमारास भित्तिपटांसाठी केलेल्या आराखड्यांत हे स्तंभ रंगवले; वास्तुकार व्हिन्योलाने १५६२च्या ग्रंथात ते रेखाटण्याची भौमितिक रीत दिली. मात्र त्यांना खरे बरोक रूप दिले शिल्पकार बेर्निनीने. संत पीटर बॅसिलिकेत समाधीवर उभारलेले त्याचे कांस्यछत्र (१६२४–३३) सुमारे २९ मीटर उंच आहे. छत्राच्या पीळदार स्तंभांच्या खालच्या तृतीयांशात त्याने जुन्या पन्हळी राखल्या. वर मात्र द्राक्षवेल काढून लॉरेलच्या फांद्या गुंफल्या आणि त्यांत मधमाश्या बसवल्या. मधमाशी हे पोप आठवा अर्बन याच्या बार्बेरीनी घराण्याचे चिन्ह. संताच्या समाधीवर यजमानाची अशी मोहोर उमटवण्यात तेव्हा कुणाला संकोच वाटत नसे. मूळ स्तंभांपैकी आठ त्याने घुमटाखालच्या खांबांवरील सज्ज्यांत पुन्हा वापरले.

अभिजात स्तंभाचे काम भार पेलण्याचे आणि तो पेलतो आहे हे दाखवण्याचे. पीळ दिल्यावर तो नजरेला वर खेचतो, उजेडात हलल्यासारखा भासतो. भार पेलणे दुय्यम ठरते. साहजिकच दगडी इमारतीपेक्षा तो लाकडी वेदीत अधिक फोफावला. सालामांका येथील सान एस्तेबान चर्चमध्ये होसे दे चुरिगेराच्या वेदीवर (१६९२–९४) द्राक्षवेलींनी लगडलेले प्रचंड सोनेरी स्तंभ आहेत. पोर्तुगालमध्ये तर सोनेरी मुलाम्याच्या वेदीचे ते ठरलेले अंगच झाले आणि पोर्तुगीज सत्तेबरोबर ते गोव्यात आले. जुन्या गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिकेच्या मुख्य वेदीवर ते दिसतात.