फोर्ड मॉडेल टी आणि तिचे मालक

हेन्री फोर्ड यांनी १९०३ मध्ये अमेरिकेत फोर्ड मोटर कंपनी सुरू केली. कंपनीचे नाव घरोघरी पोहोचले ते १९०८ मध्ये आलेल्या ‘मॉडेल टी’मुळे. १९१३ मध्ये हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकती असेंब्ली लाइन आली आणि साडेबारा तासांची चासीची जुळणी दीड तासावर आली. ८०० डॉलरच्या वर असलेली किंमत १९२५ पर्यंत ३०० च्या आत उतरली. गाडी शेतकऱ्याच्या दारात उभी राहिली.

ती चालवणे मात्र सोपे नव्हते. इंजिन सुरू करायला पुढचे हँडल हाताने फिरवावे लागे. ठिणगीची वेळ मागे घ्यायला चालक विसरला, तर हँडल उलटा झटका देई आणि मनगट मोडे. पेट्रोलला पंप नव्हता, ते उतारानेच इंजिनाकडे येई. टाकीत पेट्रोल कमी असले की उभ्या चढावर गाडी बंद पडे, म्हणून लोक रिव्हर्समध्ये चढ चढत! तरीही मालक खूश असत, कारण बरेचसे बिघाड घरच्या पान्या-पक्कडीने दुरुस्त होत. मागचे चाक जॅकवर उचलून पट्टा चढवला, की तीच गाडी लाकडे कापायची करवतही चालवी.

पुढे ग्राहकांना आराम आणि रंग हवे झाले. फोर्डची गाडी १९१४ ते १९२५ फक्त काळ्या रंगात मिळत होती. शेवरोले पुढे सरकली. १९२७ मध्ये, दीड कोटी गाड्यांनंतर, मॉडेल टी थांबली. नव्या ‘मॉडेल ए’च्या तयारीसाठी कारखाने कित्येक महिने बंद राहिले आणि हजारो कामगार घरी बसले.