मूत्रपिंडाचा अंतःस्राव आणि स्त्रीपुरुषभेद

शरीरांतील मळ गाळून टाकणारी चाळणी, एवढीच मूत्रपिंडाची ओळख फार दिवस होती. हृदयास किंवा मेंदूस जो मान मिळाला, तो घेवड्याच्या बीसारख्या दिसणाऱ्या या जोडीच्या वांट्यास कधीं आला नाहीं. रक्ताचा दाब राखण्यांत तिचा केवढा अधिकार आहे, हें कळण्यास एक शतक लागलें. आणि तो अधिकार स्त्रीच्या व पुरुषाच्या देहांत सारख्याच रीतीनें चालतो काय, हें विचारण्यास त्याहूनहि अधिक काळ लागला. या विलंबाचा इतिहास मनन करण्यासारखा आहे.

मूत्रपिंडाच्या रोग्यांचें हृदय पुष्कळदां वाढलेलें असतें, हें लंडन येथील रिचर्ड ब्राइट यानें १८३६ मध्यें दाखविलें. पुढें स्टॉकहोम येथें रॉबर्ट टीगरस्टेट व पेर बेर्गमन यांनीं एका सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्याच्या शिरेंत घातला, तों त्याचा रक्तदाब चढला. अर्कांतील या द्रव्यास त्यांनीं १८९८ सालीं ‘रेनिन’ असें नांव दिलें. परंतु लवकरच तें विस्मृतींत गेलें. १९३४ मध्यें क्लीव्हलंड येथील हॅरी गोल्डब्लाट यानें कुत्र्यांच्या मूत्रपिंडाकडे जाणारी धमनी चिमट्यानें आवळून त्यांचा रक्तदाब वाढवून दाखविला, तेव्हां रेनिनची पुन्हां आठवण झाली. १९३९-४० च्या सुमारास ब्वेनोस आयरीस व इंडियानापोलिस येथील दोन संशोधकमंडळांनीं स्वतंत्रपणें असें सिद्ध केलें कीं, रेनिन स्वतः धमन्या आवळीत नाहीं. रक्तांतील एका प्रथिनापासून तें दुसरेंच द्रव्य उत्पन्न करितें. एका मंडळानें त्यास ‘हायपरटेन्सिन’ म्हटलें, दुसऱ्यानें ‘अँजिओटोनिन’. आणि १९५८ सालीं उभयतांनीं अर्धें अर्धें नांव सोडून ‘अँजिओटेन्सिन’ या नांवावर समेट केला. हें द्रव्य रक्तवाहिन्या आकुंचित करितें व शरीरांत मीठ धरून ठेववितें. म्हणून दाब वाढतो.

येथवर सर्व विवेचन देहास जणूं लिंगभेदच नाहीं अशा रीतीनें चाललें होतें. उच्च रक्तदाबावर औषध दिल्यानें रोग्याचे प्राण वांचतात, हें अमेरिकेंतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेल्या प्रयोगांनीं १९६७ व १९७० सालीं सिद्ध केलें. हें कार्य थोर होय, यांत शंका नाहीं. परंतु पहिल्या वृत्तांतांतील १४३ व दुसऱ्यांतील ३८० रोगी सर्वच्या सर्व पुरुष होते. आणि त्यांच्यावरून निघालेला निष्कर्ष स्त्रियांसहि लागू आहे असें गृहीत धरण्यांत फारसें कोणास वावगें वाटलें नाहीं.

योगायोग असा कीं, त्याच १९६७ सालीं न्यूयॉर्क येथील संशोधकांनीं दाखविलें कीं, संततिनियमनाच्या गोळ्या घेणाऱ्या कांहीं स्त्रियांचा रक्तदाब चढतो. गोळ्यांतील ईस्ट्रोजेन हा स्त्रीदेहाचा अंतःस्राव यकृताकडून अँजिओटेन्सिनचें मूळ प्रथिन अधिक करवून घेतो. मग गर्भारपणीं, जेव्हां ईस्ट्रोजेन, रेनिन व अँजिओटेन्सिन हीं तिन्ही वाढलेलीं असतात, तेव्हां निरोगी स्त्रीचा रक्तदाब चढण्याऐवजीं थोडा उतरतो, हें कसें? डॅलस येथील संशोधकांनीं प्रथमच गर्भवती झालेल्या तरुणींना शिरेवाटे अँजिओटेन्सिन दिलें. त्यांचा वृत्तांत १९७३ सालीं प्रसिद्ध झाला. निरोगी राहिलेल्यांच्या रक्तवाहिन्यांनीं त्या द्रव्यास सहजासहजीं दाद दिली नाहीं. परंतु ज्यांना पुढें गर्भारपणांतील उच्च रक्तदाबाचा घातक विकार जडला, त्यांची ही प्रतिकारशक्ति लक्षणें दिसण्यापूर्वीं कित्येक आठवडे ओसरूं लागली होती. द्रव्याचें प्रमाण किती, एवढ्यानें निर्णय होत नाहीं. देह त्यास कसा प्रतिसाद देतो, यावर सर्व अवलंबून आहे.

पुढील शोधांनीं हा भेद आणखी खोल नेला. अँजिओटेन्सिनचा मोड करून रक्तवाहिन्या सैल करणारें द्रव्य बनविणारें ‘एसीई-२’ हें एन्झाइम २००० सालीं सांपडलें. त्याचा जीन एक्स गुणसूत्रावर आहे, आणि हें गुणसूत्र सामान्यतः स्त्रीस दोन व पुरुषास एक असतें. उपजत उच्च रक्तदाबाच्या उंदरांत नरांचा दाब माद्यांहून अधिक असतो व वृषणें काढल्यास तो उतरतो. तथापि स्त्रीचा अंतःस्राव तारक व पुरुषाचा मारक, असें सुटसुटीत सूत्र बांधतां येत नाहीं; वरील गोळ्यांचा अनुभवच त्याच्या आड येतो.

या अज्ञानाची किंमत कोणीतरी भरतच होतें. ब्राझीलमधील एका सर्पाच्या विषावरून सुचलेलें कॅप्टोप्रिल १९८१ सालीं बाजारांत आलें. या जातीचीं औषधें अँजिओटेन्सिन बनूं देत नाहींत. परंतु उदरांतील गर्भाच्या मूत्रपिंडास त्याचीच गरज असते. गर्भांस अपाय झाल्याचे दाखले जमल्यावर १९९२ सालीं अमेरिकेंत कडक इशारा देणें भाग पडलें. सरकारी द्रव्यानें चालणाऱ्या रोगपरीक्षांत स्त्रियांचा समावेश करण्याचा तेथील कायदा १९९३ चा. आणि प्राण्यांवरील प्रयोगांतहि लिंगाचा विचार व्हावा, हा नियम तर २०१६ चा.

न्यायाच्या दृष्टीनें हा उशीर शोचनीय आहेच. परंतु शास्त्राचीहि त्यांत मोठी हानि झाली. मूत्रपिंडाच्या या रसायनाचें वर्तन ज्या देहांत सर्वांत अधिक पालटतें, आणि म्हणून त्याचें रहस्य जेथें सर्वांत लवकर उलगडलें असतें, त्याच देहाकडे पाहण्याचें राहून गेलें.