पानिपतच्या फडात चिनी मणी

नोव्हेंबर 1760. पानिपत गावाला लागून मराठ्यांची छावणी पडली आहे, भोवती खंदक खणणं चालू आहे आणि तुम्ही हिशेबाच्या राहुटीत मांडी घालून बसला आहात. थंडीने बोटं आखडली आहेत. शेल्यात लपवून आणलेली वस्तू तुम्ही बाहेर काढता. चिनी अबॅकस, सुआनपान. लाकडी चौकट, मध्ये आडवी पट्टी, तिला छेदणाऱ्या उभ्या काड्या. प्रत्येक काडीवर पट्टीच्या वर दोन मणी, खाली पाच. वरचा मणी पाचाचा, खालचा एकाचा.

कारकुनाचा बोरू थांबतो. "हे काय खेळणं आणलंत, राव?"

"हिशेब करतं, पंत. आकडा सांगा."

"घोडी तीनशे सत्तेचाळीस. दर घोड्यास दीड शेर चंदी."

तुम्ही मणी पट्टीला भिडवू लागता. शतकाच्या काडीवर खालचे तीन, दशकाला चार, एककाला वरचा एक आणि खालचे दोन. आता यात निम्मे मिळवायचे, तोवर पंत मोकळे झालेले असतात. "पाचशे साडेवीस शेर. म्हणजे तेरा मण, वर अर्धा शेर." पावकी, निमकी, दिडकी, औटकी हे सगळे पाढे पंतोजींच्या छडीखाली घोकलेले, आणि लिहायला शून्यासकट आकडे. इथे मण्यांची चौकट रुजली नाही, याचं मला तरी नवल वाटत नाही.

पंतांना शंका मात्र नेमकी येते. "नवापर्यंत मोजायला वर एक मणी पुरे. दुसरा कशाला?"

चीनमध्ये एका जिनाचे सोळा लिआंग, तुम्ही सांगता. वजनाच्या हिशेबात एका काडीवर पंधरापर्यंत आकडा मावावा लागतो.

"सोळा? मग हा आमचा रुपयाच की!" पंत चौकट ओढून घेतात. वरचे दोन्ही, खालचे पाचही मणी पट्टीला लावतात, पंधरा आणे. आणखी एक आणा आला की सगळे मणी माघारी आणि डावीकडच्या काडीवर एक मणी, एक रुपया. मग ते कागदावर आपली रीत दाखवतात. पाव रुपयाची एक उभी रेघ, अशा तीन, आणि आण्याच्या बारीक तिरप्या रेघा तीन. पंधरा आण्यांना सहा फटकारे. तुमचे मणी सात लागले.

चंग दावेई याचा मण्यांच्या गणितावरचा ग्रंथ 1592 मधला. तो जपानलाही पोचला. पुढे जपान्यांनी वर एक, खाली चार मणी ठेवले. आपल्या मुलांच्या क्लासमध्ये असतो तो हाच अबॅकस. त्याच्या एका काडीवर पंधरा आणे मावत नाहीत.

चौकट परत देताना ती कलते, मणी घरंगळतात. पंत चमकतात. "आकडा गेला? उद्या भाऊसाहेबांनी जाब मागितला तर दाखवायचं काय?" ओल्या शाईवर वाळू टाकून ते कागद दप्तरात घालतात, रुमाल बांधतात. सदाशिवरावभाऊ हिशेबाला कडक. गोविंदपंत बुंदेल्यांकडे रसदेचा आणि वसुलीचा तगादा चालूच आहे.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, पंतांना नाही. डिसेंबरात गोविंदपंत मारले जातील, रसद तुटेल, 14 जानेवारी 1761 उजाडेल. मदतीला निघालेल्या पेशव्यांना वाटेत पराभवाची बातमी मिळेल ती एका सावकारी पत्रातून, जमाखर्चाच्याच भाषेत. मोती आणि मोहरा मोजलेल्या, खुर्द्याची मोजदाद नाही.

छावणीतला अठरा वर्षांचा बाळाजी जनार्दन भानू जीव वाचवून निघेल आणि नाना फडणीस म्हणून पुण्याचं दप्तर वर्षानुवर्षं सांभाळेल. पेशवे दप्तराचे मोडी कागद आजही पुण्यात रुमालांत बांधलेले आहेत. वाचणारे फार थोडे. मुलाला अबॅकसच्या क्लासला घालणार असाल तर जरूर घाला. जवळपास मोडीचा वर्ग निघाला, तर तिथे स्वतःचं नाव नोंदवा.