आर्काइम

रशियातील ब्राँझयुगीन तटबंदीयुक्त वसाहतीचे एक प्रसिद्ध स्थळ. ते दक्षिण उरल पर्वताच्या पूर्वेकडील गवताळ प्रदेशात, चेल्याबिंस्क प्रांतात, बोल्शाया कारागान्का व उत्यागान्का या नद्यांच्या संगमाजवळ सु. ५२° ३९' उ. अक्षांशावर आहे. जवळच्या टेकडीवरून त्यास हे नाव पडले. वसाहतीचा काळ इ. स. पू. सु. २००० हा असून तिचा अंतर्भाव सिंताश्ता संस्कृतीत (इ. स. पू. सु. २१००–१८००) करतात.

या खोऱ्यात धरण बांधण्याची योजना होती. पाण्याखाली जाणाऱ्या भूमीची पाहणी करताना १९८७ च्या उन्हाळ्यात चेल्याबिंस्क विद्यापीठाच्या मोहिमेस ही वसाहत आढळली. मोहिमेचे प्रमुख गेनादी झ्दानोविच यांनी व अन्य विद्वानांनी स्थळ वाचविण्यासाठी प्रयत्नांची शिकस्त केली. परिणामी १९९१ मध्ये हा परिसर संरक्षित ठरला व धरणाचे काम थांबले. हवाई छायाचित्रांच्या अभ्यासातून व क्षेत्रीय पाहणीतून आसपासच्या प्रदेशात अशा वीसहून अधिक वसाहती उजेडात आल्या असून त्यांच्या समूहास ‘नगरांचा देश’ अशी संज्ञा देण्यात आली.

वसाहतीचे क्षेत्र सु. २०,००० चौ. मी. आहे. सुमारे निम्म्या भागाचे उत्खनन झाले असून उर्वरित भागाचा आराखडा मुख्यतः चुंबकीय मापनाने ठरविण्यात आला. एकाच्या आत एक असे दोन वर्तुळाकार तट होते. बाहेरच्या तटाचा व्यास सु. १५० मी., तर आतल्याचा सु. ८५ मी. होता. बाहेरचा तट चार ते पाच मीटर रुंद असून तो लाकडी सांगाडा, माती व कच्च्या विटा यांनी बांधलेला होता. त्याच्या बाहेर खंदक होता. चार प्रवेशद्वारांपैकी मुख्य द्वार पश्चिमेकडे होते. तटांना पाठ लावून सु. साठ घरे चाकाच्या आऱ्यांप्रमाणे रचलेली होती व शेजाऱ्यांत भिंत सामाईक असे. मधोमध चौक होता. वर्तुळाकार रस्त्यावरील लाकडी फळ्यांखालून पावसाचे पाणी वाहून नेणारे गटार होते. घरांत चूल, विहीर व धातू वितळविण्याची भट्टी यांचे अवशेष मिळाले. अखेरीस वसाहत आगीत नष्ट झाली. परंतु मौल्यवान वस्तू फारशा मागे राहिल्या नाहीत. यावरून रहिवासी आधीच निघून गेले असावेत, असे अनुमान करतात.

आर्काइमची जगभर ख्याती झाली ती मात्र वेधशाळा म्हणून. के. के. बिस्त्रुश्किन यांनी १९९० च्या सुमारास असे प्रतिपादन केले, की येथून सूर्य-चंद्रांच्या उदयास्ताच्या अठरा घटनांचे वेध घेता येत असून त्यांची अचूकता एका कलेपर्यंत (अंशाचा साठावा भाग) होती. म्हणजे इंग्लंडमधील स्टोनहेंजपेक्षाही ती अधिक होती. हे मत पारखून घेणे आवश्यक आहे. दीडशे मीटर अंतरावर एक कला म्हणजे साडेचार सेंटिमीटरांहूनही कमी. क्षितिजावरील टेकडी तीन किलोमीटरांवर असली, तरी ते माप एका मीटरहून कमीच भरते. चार-पाच मीटर रुंदीच्या ढासळलेल्या मातीच्या तटावर निरीक्षक नेमका कोठे उभा राहत असे, हे इतक्या सूक्ष्मतेने ठरविणे शक्य नाही. शिवाय वर्तुळावर बिंदू अनेक व क्षितिजावर उंचवटे अनेक. त्यांतील काही रेषा सूर्याच्या वा चंद्राच्या उदयस्थानाशी जुळणे अपरिहार्यच होय. याच लोकांच्या इतर वसाहतींपैकी काही लंबवर्तुळाकार, तर काही आयताकार आहेत. वर्तुळ हे आकाशवेधासाठीच योजले होते असे मानल्यास या वसाहतींचा उलगडा होत नाही. उलटपक्षी, सूर्याच्या गतीकडे या लोकांचे लक्ष नव्हते असेही म्हणता येणार नाही. पृथ्वीच्या अक्षाचा कल बदलल्याने उन्हाळ्यातील अयनदिनाचे सूर्योदयस्थान चार हजार वर्षांत येथे सुमारे एका अंशाने सरकले आहे. तेव्हा मोठ्या दिशा ढोबळपणे साधल्या असणे संभवनीय आहे. सूक्ष्म वेधशाळा मात्र सिद्ध झालेली नाही.

दुसरा वाद आर्यांविषयीचा. सिंताश्ता येथील दफनांत आऱ्यांची चाके असलेल्या रथांच्या खुणा व अश्वबळीचे अवशेष मिळाले असून ते रथांचे सर्वांत जुने ज्ञात पुरावे गणले जातात. त्यांवरून या संस्कृतीचा संबंध अनेक विद्वान इंडो-इराणी भाषिकांच्या पूर्वजांशी जोडतात. या प्रदेशातील ब्राँझयुगीन लोकांचा आनुवंशिक अंश नंतरच्या दक्षिण आशियाई लोकसंख्येत आढळतो, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राचीन जनुकद्रव्याच्या अभ्यासानेही दाखविले. तथापि जनुक म्हणजे भाषा नव्हे. आणि येथे एकही लेख मिळालेला नाही. असे असता ‘आर्यांची राजधानी’, ‘जरथुष्ट्राचे जन्मस्थान’ यांसारख्या कल्पना पसरल्या व गूढ शक्तीच्या शोधात येणाऱ्यांची येथे रीघ लागली. ज्योतिषाच्या आधारे वेदकाल ठरविण्याचा लो. टिळकांनी ओरायन (१८९३) या ग्रंथात केलेला प्रयत्न मराठी वाचकांस परिचित आहे. त्याविषयी मतभेद असले, तरी टिळकांपुढे नक्षत्रांची नावे घेणारी वैदिक वचने होती. आर्काइमला केवळ भिंती आहेत. त्यांच्याकडून वचनांची अपेक्षा करणे सयुक्तिक नाही.

या भिंती जे निःसंशय सांगतात, तेही थोडे नाही. कडक हिवाळ्याच्या उघड्या गवताळ प्रदेशात, पशुपालन करणाऱ्या समाजाने आधी आराखडा आखून सामाईक भिंतींची वसाहत उभारली, घरोघरी धातुकाम केले व पाण्याच्या निचऱ्याची सोय केली. असा समाज केवळ भटक्या टोळ्यांचा असतो, हा समज आर्काइमच्या उत्खननाने दूर केला. प्राचीन इतिहासाच्या अभ्यासात या स्थळाचे खरे महत्त्व हेच होय.