चोरून ऐकणाऱ्याची गोष्ट

पाळत आणि संशय या विषयाकडे वळणारे बहुतेक जण कादंबरीकार ऑर्वेल किंवा तत्त्वज्ञ फूकोपासून सुरुवात करतात. दोघेही वाचावेतच. पण नव्या वाचकाला मी आधी एक सिनेमा सुचवेन : फ्रान्सिस फोर्ड कोपोलाचा ‘द कॉन्व्हर्सेशन’ (1974).

हॅरी कॉल पैसे घेऊन लोकांची बोलणी चोरून टेप करतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअरमधल्या गर्दीत फिरणाऱ्या जोडप्याची टेप तो पुन्हा पुन्हा ऐकतो, गोंगाट गाळतो आणि एका वाक्यापाशी अडकतो. वाक्य तेच, पण जोर कुठल्या शब्दावर पडतो यावर सगळा अर्थ फिरतो. वॉल्टर मर्चच्या ध्वनिसंकलनाची ही करामत. शेवटी हॅरीच आपल्या घराच्या भिंती आणि जमीन उखडून लपवलेला मायक्रोफोन शोधत सुटतो. पटकथा वॉटरगेट या राजकीय हेरगिरीच्या प्रकरणाच्या आधीची. सिनेमा लागला एप्रिलमध्ये, आणि ऑगस्टमध्ये त्याच प्रकरणामुळे अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी राजीनामा दिला. त्यांनाही भोवल्या त्या स्वतःच्याच कार्यालयात करवलेल्या टेप!

म्हणजे ज्याच्यावर पाळत आहे त्याच्याइतकाच, किंबहुना जास्तच, पाळत ठेवणारा अभ्यासण्याजोगा असतो. पूर्व बर्लिनमधल्या श्टाझीच्या, म्हणजे पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांच्या, अधिकाऱ्यावरचा ‘द लाइव्ह्ज ऑफ अदर्स’ (2006) हेच दाखवतो. तिथे ऐकता ऐकता ऐकणाराच बदलतो.

पॉप संगीतात हा पाळतखोर प्रियकराचं सोंग घेऊन आला. ‘द पोलीस’चं ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’ 1983 मध्ये अमेरिकेत आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. गीतकार-गायक स्टिंगने त्यातला काळा भाग पुढे स्वतःच सांगितला, तरी लोक ते लग्नात वाजवत राहिले. चाल गोड असली की शब्दांकडे कोण बघतो? पुढच्याच वर्षी आलेलं रॉकवेलचं ‘समबडीज वॉचिंग मी’ उघडउघड घाबरलेल्या माणसाचं आहे. शेजारी, पोस्टमन, आयकर खातं, सगळ्यांचाच त्याला संशय! गाणं थोडं थिल्लर आहे, पण मायकेल जॅक्सनच्या आवाजातलं धृपद डोक्यातून जात नाही.

2013 मध्ये एडवर्ड स्नोडेनने अमेरिकी सरकारच्या पाळतीची गुप्त कागदपत्रं उघड केल्यावर मात्र अशा कलाकृतींची पंचाईत झाली. आता बहुतेक वेळा पलीकडे कान देऊन बसलेला माणूसच नसतो, यंत्रं नोंदी साठवत राहतात. थ्रिलरला आणि गाण्याला अजून चेहरा लागतो, आणि यंत्राला चेहरा देणारी कलाकृती माझ्या मते अद्याप झालेली नाही. या क्षेत्रात नव्या अभ्यासकाला काम आहे ते इथेच. फूको त्यानंतर उघडा. आधी ‘द कॉन्व्हर्सेशन’ पाहा, आणि हेडफोन लावून पाहा.